सर्वणकार

बुरशी म्हटली की लोक नाक मुरडतात. पण गौरवीचा एका बुरशीवर जीव होता, आणि फोंड्याच्या त्या भाड्याच्या खोलीत जीव लावायला तिला दुसरं होतं तरी कोण?

तिच्या गावी, सर्वणला, घरामागे भिरंडीचं म्हणजे कोकमाचं झाड होतं, त्याच्या पानांत ती बुरशी राहायची. पानावर ना डाग, ना रोग. आतल्या आत गुपचूप नांदणारी. प्रयोगशाळेत गौरवी पानाचे तुकडे स्पिरिटने, मग ब्लीचने धुवायची, म्हणजे बाहेरचं सगळं मरावं आणि आतलं तेवढं बशीत उगवावं. आठवड्याभरात राखाडी कापसासारखं काही वर यायचं. दीड वर्षात एकदाही चुकलं नाही. तिने त्याचं नावच ठेवलं होतं, सर्वणकार. पीएचडीचा सगळा प्रबंध त्याच्या जिवावर उभा होता.

पानं धाडायचे तिचे बाबा, जयराम. आई गेल्यापासून ते घरी एकटेच. दर शुक्रवारी गौरवी फोन करून दहा निबर पानं मागायची, शनिवारी बसचा कंडक्टर पिशवी आणून द्यायचा. बाबा, जेवलास? जेवलो. तू जेवलीस? जेवले. किती पानं? दहा. एवढ्यात बापलेकीचं बोलणं आटोपायचं.

आणि मग ओळीने तीन आठवडे सर्वणकार उगवलाच नाही. भलत्याच पांढऱ्या, हिरव्या बुरश्या वर आल्या. तिच्या मार्गदर्शक चंद्रावती मॅडमनी सरळ सुनावलं, एक तर धुण्यात हयगय होतेय, नाहीतर आधीचं सगळं चुकलंय. झालं, दीड वर्ष पाण्यात! गौरवीने ब्लीच बदललं, पाणी बदललं, स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी रविवारी न कळवता सर्वण गाठलं, आपल्या हाताने पानं खुडायला.

घरामागे लख्ख ऊन पडलं होतं. भिरंडीच्या जागी नुसता बुंधा. महिन्यामागे वाऱ्याने झाड मोडून गोठ्यावर पडलं, तोडावंच लागलं. तेव्हापासून बाबा दुखरा गुडघा ओढत दर शनिवारी पहाटे पिळगावला चालत जायचे आणि मालतीमावशीच्या कुळागरातल्या, पोफळीच्या बागेतल्या, भिरंडीची पानं आणून धाडायचे. गौरवी संतापली. सांगितलं का नाहीस, म्हणाली.

बाबा गुडघ्याला तेल चोळत राहिले. "झाड गेलं म्हटलं असतं, तर शुक्रवारी फोन कशाक केला असतास गो?"

केला नसता, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी मॅडम उलट खूश झाल्या. दुसऱ्या झाडात सापडत नाही, म्हणजे सर्वणकार बहुधा त्या एकाच झाडाचा. आधी उगवलेला तो फ्रीजमधल्या नळीत जिवंत आहे, प्रबंध वाचला. आता पानं नकोत, म्हणाल्या.

शुक्रवारी गौरवीने फोन लावला. जेवलास? जेवलो. जेवलीस? जेवले. तिला फार एकटं वाटलं. फोन ठेवला जाणार, एवढ्यात बाबांनीच भीत भीत विचारलं, किती?

"दहा," गौरवी म्हणाली. "दारातल्या कसल्याही झाडाची चालतील, बाबा."