मिठाची जागा

ओळ पहिली : रुई

प्रेरणानं खुरप्यानं खड्डा केला, रुईचं रोप त्यात उभं धरलं आणि माती ओढायला हात घातला, तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला.

"तिथं नको. पाय काढ आधी."

रामलिंगआप्पा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"इथं हाईत का अव्वा?"

"असंल." मग काठीनं माती टोकरून, "नसंल बी."

प्रेरणाच्या सासूला, गंगव्वाला, जाऊन सात वर्षं झाली होती. लिंगायत रीतीप्रमाणं तिला शेताच्या या कोपऱ्यात खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं, पूर्वेकडं तोंड करून, भोवती मीठ आणि विभूती भरून. वर दगड, शेजारी बेलाचं रोप. पुढच्याच वर्षी पंचगंगेला महापूर आला, दोन वर्षांनी पुन्हा. दगड गेला, बेल गेला. कमरेएवढ्या गाळाखाली दोन गुंठ्यांचा कोपरा सगळीकडं सारखा झाला. ऊस तिथं कुजायचा. म्हणून हायस्कूलात विज्ञान शिकवणाऱ्या प्रेरणानं तो मागून घेतला होता. फुलपाखरांसाठी, मधमाश्यांसाठी, फक्त इथल्या मातीतली झाडं.

आप्पांना बागेचं काही नव्हतं. त्यांना बायकोच्या उजव्या हाताला बसायचं होतं.

रुई परत पिशवीत गेली.

ओळ दुसरी : कढीपत्ता, निर्गुडी

"जागाच घावंना तर तुमाला समाजाच्या रुद्रभूमीत बसवू की," प्रेरणाचा नवरा सोमशेखर जेवता जेवता गावच्या दफनभूमीबद्दल म्हणाला. "रस्ता हाय, कंपाउंड हाय, लाईट हाय."

"लाईट कशाला? पेपर वाचत बसायचाय व्हय मला तिथं?"

सोमशेखर हसला. आप्पा हसले नाहीत. भाकरीचा अर्धा चतकोर त्यांनी ताटात तसाच ठेवला.

त्या दिवसापासून रोज अर्धा चतकोर उरू लागला. मग एक. डॉक्टर म्हणाले, वय झालं. प्रेरणा रोज ताट उचलताना उरलेले चतकोर मोजायची.

ओळ तिसरी : तेरडा

दुपारी आप्पांचा डोळा लागला होता. प्रेरणानं खड्या मिठाचा डबा उचलला आणि कोपऱ्यात गेली. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढं वर्तुळ तिनं खुरप्यानं उकरलं. सगळं मीठ त्यात कालवलं, वरनं दोन घागरी पाणी ओतलं. ओल्या मातीतलं मीठ प्यायला फुलपाखरं येतात, हे ती दरवर्षी सातवीच्या वर्गाला सांगायची.

"आमटी अळणी हाय की गं," रात्री सोमशेखर म्हणाला.

आप्पांनी वाटी तोंडाला लावली, संपवली, आणि आणखी मागितली.

तिसऱ्या दिवशी फुलपाखरं बसली. पिवळी, पांढरी, पंख मिटलेली, एकमेकांना चिकटून. वर्तुळाबाहेर एकही नाही.

प्रेरणानं आप्पांना हात धरून आणलं. त्यांनी टोपी काढली. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

मग ते रोज खुर्ची तिथं मांडायला लावून बसू लागले. कारखान्याकडनं उसाला तोड कधी मिळणार, सोमूचं पोट किती सुटलंय, सगळं त्या मातीला सांगत. प्रेरणा तेवढा वेळ पाठ करून तेरडा खुरपायची.

ओळ चौथी : काही लावलेलं नाही

सोमवारी सकाळी शाळेला जाण्याआधी ती पाणी घालायला आली आणि कळशी हातातच राहिली.

वर्तुळं दोन होती.

दुसरं पहिल्याच्या शेजारी, दोन हातांवर. पूर्वेकडं तोंड केलं, तर डावीकडं. तेवढंच गोल, तेवढंच गच्च. तिथली माती तिनं कधी उकरलीच नव्हती. वारा नव्हता. ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली, तरी एकही फुलपाखरू उडालं नाही.

ती घरात गेली. मिठाचा नव्यानं भरलेला डबा काल होता तेवढाच भरलेला होता.

परत येऊन तिनं त्या दुसऱ्या वर्तुळाच्या कडेची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. अव्वांना मिठात बसवल्यापासून सात पावसाळे, दोन महापूर. इतक्या पाण्यात मीठ राहत नाही, हेही ती वर्गात सांगायची.

माती खारट होती.

"घावली न्हवं?"

आप्पा मागं काठीवर रेलून उभे होते.

"आप्पा, हे तुम्ही टाकलं?"

"तांब्या उचलत न्हाय माझ्याच्यानं."

तिनं हातातली माती झटकली. पुन्हा झटकली. "आप्पा, ते पहिलं… ते मी…"

"आमटी अळणी झालती त्या दिशी. तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? माझी जागा केलतीस तू." त्यांनी काठीनं पहिलं वर्तुळ दाखवलं, मग काठी सावकाश डावीकडं नेली. "ती येऊन बसती का, तेवढं बघायचं राहिलतं."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. एसटीत सीटवर टाकावा तसा पहिल्या वर्तुळावर पसरला. त्याच्या कडेची फुलपाखरं थोडी सरकली. उडालं कुणीच नाही.

"पिशवीतली रुई हाय का अजून?"

"हाय."

"लाव आता कुठं बी," आप्पा म्हणाले आणि घराकडं वळले. "आणि आज तुमा दोघांपुरत्याच भाकरी कर. मला नको."