पाऊल म्हणजे अडीच फूट

अप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी एका टेकाडावर शिसं-चांदीची शीर शोधली आणि नकाशावर नोंदवली. त्यांच्या भूगर्भ खात्यानं तो नकाशा गुंडाळून कपाटात टाकला. त्याला वाळवी लागली नाही, हेच नशीब. आता तीच शीर पुन्हा शोधायला एका कंपनीनं बोअरचं मशिन पाठवलं होतं, आणि भूगर्भतज्ज्ञ म्हणून नेमकी मला. घरी सांगितलं तेव्हा अप्पा नुसतं "बरं" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली.

टेकाडावर त्यांनी खणलेला चर कधीच बुजून गेला होता. उरला होता तो नकाशा : 'जुन्या खाणीच्या तोंडापासून पूर्वेला दोनशे चाळीस पावलं. शिरेची जाडी चार बोटं.' आणि कोपऱ्यात, त्यांच्या वळणदार अक्षरात, 'पाऊल म्हणजे अडीच फूट.' म्हणजे सहाशे फूट. शीर जमिनीत पश्चिमेकडे कलत उतरत होती, म्हणून आम्ही शंभर फूट अलीकडे, पाचशेवर मशिन लावलं आणि पूर्वेकडे तिरपं भोक पाडलं.

पहिल्या बोअरमधून निघाला नुसता करडा दगड. दुसरा आणखी खोल नेला, तरी तेच. दगडाचे ते गोल दांडे पेट्यांत ओळीनं मांडून मी भिंग घेऊन इंच न् इंच बघितला. शिशाचा एक चमचमता कणसुद्धा नाही. आमचा मशिनवाला कायम कपाळाला आठ्या घालून फिरायचा, त्याला सगळे वैतागराव म्हणत. तो म्हणाला, "मॅडम, या दगडात चांदी असेल तर माझ्या दातात हिरे आहेत."

सकाळी साहेबांचा फोन आला. "अजून एक बोअर पाडा आणि आवरा. शनिवारी मशिन हलतंय. अहवालात लिहा, जुनी नोंद विश्वासार्ह नाही. सही तुमचीच."

नोंद करणारा माणूस माझा बाप आहे, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. मी "हो" म्हणाले आणि तशीच गाडी काढून तासाभरात माहेरी पोचले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यातला राग अप्पांवर काढायचा ठरवला.

अप्पा खिडकीशी खुर्चीत होते, वॉकर समोर. आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

"अप्पा, शीर खरंच बघितली होतीत ना?"

"हातात धरली होती."

"मग गेली कुठे? सहाशे फुटांवर काही नाही तिथे."

"पावलं मोजलीस?"

"टेपनं मोजलं. तुम्हीच लिहिलंय, पाऊल अडीच फूट."

आई घडी अर्धवट ठेवून म्हणाली, "अहो, सांगा की आता. कुणापासून लपवताय? पेन्शन थोडीच बंद होणार आहे?"

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा चादर उचलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्या दारापासून कोपऱ्यावरचा नळ किती लांब?"

"साठ पावलं." हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. लहानपणी बादली घेऊन रोज त्यांच्या मागून जायचे आणि ते मोठ्यानं मोजायचे.

"टेपनं मोज जा."

नळ अजून जागेवर होता, पाणी मात्र नव्हतं. शेजारच्या काकूंना टेपचं टोक धरायला लावलं. एकशे वीस फूट. पुन्हा मोजलं. एकशे वीस.

मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले. अप्पांचं पाऊल दोन फुटांचं होतं. नकाशाच्या दोन वर्षं आधी एका चरात दगड कोसळून त्यांचा उजवा पाय मोडला होता, तेव्हापासून ते लंगडत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच चालतात. चारशे ऐंशी फुटांवरची शीर आम्ही पाचशेवर उभं राहून पुढे शोधत होतो. ती वीस फूट आमच्या पाठीमागे होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मशिन लावून!

घरात आले तर अप्पा दाराकडेच बघत होते.

"खात्यात दर वर्षी पाऊल तपासायचे," ते म्हणाले. "शंभर फुटांची दोरी टाकायची, चालून दाखवायचं, आकडा लिहायचा. पाय मोडल्यापासून मी न चालताच जुना आकडा लिहीत गेलो. खरं लिहिलं असतं तर ऑफिसात टेबलावर बसवलं असतं. मला डोंगर सोडायचे नव्हते."

"जागा बदलायची तर साहेबांना कारण सांगावं लागेल, अप्पा. नकाशात तुम्ही खोटं लिहिलंत, हे सांगावं लागेल."

बराच वेळ ते आपल्या उजव्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. "सांग," म्हणाले.

मी सांगितलं. बाप कोण तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "एकच बोअर. चुकलं तर अहवाल मी सांगतो तसा."

तीनशे ऐंशीवर मशिन लागलं. शंभर फूट झाले, करडा दगड. वैतागराव माझ्याकडे बघेना. एकशे पाचव्या फुटाला मशिनचा आवाज बदलला. पेटीत दांडा ठेवताना तोच ओरडला, "मॅडम, जड आहे हो!" पांढऱ्या गारगोटीच्या मधोमध शिशाचे चौकोनी चकचकीत दाणे होते. मी चार बोटं आडवी ठेवली. शीर बरोबर झाकली गेली.

चार बोटांवर खाण चालत नाही. साहेबांनी शुक्रवारी काम बंद केलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तो तुकडा मी अप्पांकडे नेला. त्यांनी आपली बोटं लावून बघितली आणि मान हलवली.

"अहवालात काय लिहिलंस?"

मी वाचलं : "जुनी नोंद अचूक. पाऊल अडीच नव्हे, दोन फूट. मोजणाऱ्याच्या उजव्या पायाला इजा होती."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मग मला राहवलं नाही. "अप्पा, पायाचं काढून टाकू का? नुसतं दोन फूट लिहिलं तरी चालेल."

अप्पांनी दगड मांडीवर ठेवला.

"नको," म्हणाले. "तेवढंच राहून गेलं होतं."