एकाच ओळीचा साठा

भिवंडीजवळच्या मानकोली नाक्यावरून आत वळलं की गोदामांच्या रांगा सुरू होतात. त्यातलं एक गोदाम फक्त औषधांचं होतं. मालक केसरीनाथ तिथलेच. घरच्या भातशेतीच्या जागेवर त्यांनी शेड उभी केली, मागे थंड खोली बांधली आणि औषध कंपन्यांचा माल सांभाळायचं काम घेतलं. दोन हजार नऊ साली त्यांच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं उन्नती बघत असे. ती जवळच्याच कोन गावची, कल्याणच्या कॉलेजात शिकलेली. मुंबईत नोकरी शोधत होती, तेव्हा केसरीनाथांनी तिच्या वडिलांना गाठलं. "हिरामण, पोरीला कशाला एवढ्या लांब धाडतोस? माझ्याकडं काम हाय की." असं म्हणून त्यांनी तिला गोदामात आणलं होतं.

कोणत्या औषधाच्या किती बॅच शिल्लक आहेत, ते विचारलं की उत्तर देणारी एक वेब सर्व्हिस उन्नतीने जावामध्ये लिहिली होती. उत्तर दोन प्रकारे जायचं. औषध कंपन्यांच्या जुन्या यंत्रणा एक्सएमएल मागायच्या. दवाखान्यांना बसल्या जागी साठा दिसावा म्हणून तिच्या शेजारी बसणाऱ्या हितेशने एक वेबपान केलं होतं, ते जेसन मागायचं. माहिती तीच, फक्त मांडणी वेगळी. उन्नतीने माहितीचा साचा, म्हणजे क्लास, एकदाच लिहिला होता. समोरचा जे मागेल त्या मांडणीत उत्तर तयार करायचं काम तिने वापरलेली लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, आपोआप करत असे. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. दवाखान्यांचे फोन कमी झाले म्हणून केसरीनाथ खूश होते.

ऑक्टोबरात, भातकापणी ऐन भरात असताना, सकाळी ऑफिसचा फोन वाजला. उन्नतीने उचलला.

"मी अंबाडीवरून माधवी बोलतेय." माधवी तिथल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात औषधांचं बघायची. तिला धाप लागली होती. "सर्पदंशाच्या लसीसमोर तुमच्या पानावर 'साठा नाही' असं येतंय. परवा तर दिसत होती. एकदा बघून सांगता का?"

"कोणाला चावलाय का?"

"हो ना. लडकू म्हणून आहेत, भात कापताना नाग चावला. होत्या तेवढ्या कुप्या दिल्या आम्ही. पण पापण्या मिटायला लागल्यात, डॉक्टर म्हणतात अजून लस लागणार. तुमच्याकडे नसेल तर ठाण्याला हलवायचं, गाडी दारात उभी आहे. पण तेवढ्या वाटेत श्वास थांबला तर काय करायचं?"

उन्नतीने हितेशचं पान उघडलं. लसीचं नाव टाकलं. साठा नाही.

'नाहीये मॅडम' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण परवापर्यंत होती म्हणते, मग संपली कधी? तिने सर्व्हिसचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला. एक्सएमएल उघडलं. त्यात एक बॅच स्वच्छ दिसत होती, नंबरासकट, मुदतीच्या तारखेसकट.

"मॅडम, फोन ठेवू नका. मी डोळ्यांनी बघून येते."

ती थंड खोलीकडे धावली. जाड दरवाजा ओढला, स्वेटर घालायचं सुचलंच नाही. डाव्या हाताच्या मांडणीवर, खालच्या कप्प्यात, लसीचे खोके होते. तिने एकावरचा नंबर वाचला. तोच. पळतच परत येऊन तिने फोन उचलला.

"आहे! आहे मॅडम, भरपूर आहे. त्यांना हलवू नका, आम्ही पाठवतोय."

पलीकडे माधवीने कोणाला तरी ओरडून सांगितलं, "गाडी थांबवा, लस मिळतेय!"

केसरीनाथ अंगणात ट्रक लावून घेत होते. उन्नतीने धावत जाऊन सांगितलं तसे ते ट्रक सोडून आले आणि माल पोचवणाऱ्या अनंताला म्हणाले, "अनंता, जीप नको, भिवंडीत अडकशील. मोटरसायकल काढ. बर्फाचा डबा पाठीला बांध. आणि हे बघ, पोचल्याबिगर कुठं थांबायचं न्हाय." बिलाचं काय, असं अनंताने विचारलं, तर ते म्हणाले, "बिल मागनं बघू. तू जा आधी."

अनंता गेला. उन्नती खुर्चीत बसली आणि तेव्हा कुठे तिला आपले हात थंड पडल्याचं जाणवलं.

हितेश पडद्याकडे बघत होता. "माल आहे, मग माझं पान नाही का म्हणतंय?"

"तुझं पान चुकतंय."

"ए, माझं काय चुकणार? तू जे देतेस तेच मी दाखवतो."

"मी बरोबरच देतेय. हे बघ, एक्सएमएलमध्ये आहे."

"एक्सएमएल तुला दिसतं. मला जेसन येतं. ते बघितलंस का कधी?"

खरं तर तिने ते बघितलं होतं, पण पहिल्या आठवड्यात. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की एक्सएमएलच यायचं, त्यामुळे रोज तेवढंच नजरेखालून जायचं. आता तिने मुद्दाम जेसन मागून घेतलं. आधी तापाच्या गोळ्यांचं, ज्यांच्या पुष्कळ बॅच होत्या. सगळ्या बॅच चौकोनी कंसात ओळीने आल्या. मग लसीचं मागवलं. माहिती पूर्ण होती, पण चौकोनी कंस नव्हता.

"हितेश, इकडे ये. कंस गेलाय बघ."

हितेश खुर्ची ओढून आला आणि बघतच राहिला. "यादीच नाहीये ही. सुटी वस्तू आहे. माझं पान यादी समजून मोजायला जातं, त्याला मोजायला काही सापडत नाही, आणि ते लिहितं साठा नाही."

आधी लसीच्या तीन बॅच होत्या. दोन संपल्या, एक उरली. बॅच एकापेक्षा जास्त असल्या की लायब्ररी यादी करत होती. एकच असली की यादी कशाला, असं समजून ती नुसतीच देत होती. एक्सएमएलमध्ये असा कंस नसतोच, त्यामुळे काही बिघडत नाही. जेसनमध्ये सगळंच बिघडतं.

"मी पानातच तपासतो," हितेश म्हणाला. "यादी नसेल तर करून घेईन. दोन ओळींचं काम आहे."

"ते आत्ता लगेच कर. पण उद्या दुसऱ्या कोणी हेच जेसन घेतलं तर त्यांनाही लस दिसणार नाही. मला माझ्या बाजूने नीट करू दे."

हितेशच्या दोन ओळी चढल्या आणि पानावर लस दिसू लागली. उन्नतीने लायब्ररीची माहिती इंटरनेटवर उघडली. वाचता वाचता तिला सापडलं: जेसनची मांडणी कशी व्हावी हे सांगायची सोय होती, तिने काही सांगितलंच नव्हतं म्हणून लायब्ररी आपल्या सवयीने करत होती. 'नॅचरल' नावाची एक मांडणी होती. तिच्यात यादी ही यादीच राहते, मग आत एक असो की शंभर. आकडेही अवतरणचिन्हांत न अडकता आकडे म्हणून जातात. त्यासाठी एक छोटा क्लास लिहायचा आणि त्यात आपल्या क्लासची नावं द्यायची, एवढंच.

तिने लिहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, जेसन मागवलं. काहीच फरक नाही. कंस गायबच.

तिने परत वाचलं. नावं बरोबर होती. केसरीनाथ दारात येऊन उभे राहिले, "अनंताचा फोन नाय आला अजून," एवढं बोलून गेले. उन्नतीला पुढची ओळ वाचता येईना. तिने डोळे मिटले, उघडले आणि सेटिंगची फाइल वरपासून वाचायला घेतली. नवीन क्लास तिने वेगळ्या पॅकेजमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला होता आणि लायब्ररी त्या पॅकेजात डोकावतच नव्हती. तिने त्याचं नाव फाइलमध्ये घातलं. पुन्हा सर्व्हर सुरू केला.

लसीची एकच बॅच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस.

"आला!" हितेश टेबलावर हात आपटून म्हणाला. जुन्या कंपन्यांना जाणारं एक्सएमएल बदललं नाही ना, हे उन्नतीने आधीच्या एक्सएमएलशी ताडून बघितलं. एक अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. मग दोघांनी एकच बॅच उरलेली सगळी औषधं शोधून काढली आणि एकेक करून पानावर तपासली. सगळी दिसत होती.

अनंताचा फोन आला तो इतकाच: "दिली. आत घेतली." त्यानंतर बराच वेळ काहीच कळेना. उन्नतीने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. हितेशने चहा आणला, तो निवला.

दुपार कलली तेव्हा फोन वाजला. माधवीच होती, पण तिचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका सैल झाला होता. "पापण्या उघडल्या त्यांच्या. श्वास व्यवस्थित आहे. डॉक्टर म्हणाले धोका टळला. थांबा हं, इथे त्यांची बायको आहे, मैना. तिला बोलायचंय."

फोनवर थोडी खुडबुड झाली. "बाय, तुमीच का दवा धाडलीत?"

"हो… म्हणजे आमच्या मालकांनी धाडली. अनंता घेऊन आला."

"ही बाय बोलते, तुमी आत जाऊन बघलात म्हनून घावली. न्हायतर न्हायच बोलत व्हते." मैनाला हुंदका आला. "डोलं उघडलं त्यांनी. मना नावानं हाक मारली. मी बोलली, गप पडून र्‍हा."

कंसाचं काही सांगण्यात अर्थ नव्हता. "ताई, तुम्ही काही खाल्लंत का?" तिने विचारलं.

"न्हाय बाय. कायच न्हाय."

"मग खाऊन घ्या आधी. आता ते बरे होतायत."

"खातंय," मैना म्हणाली आणि रडता रडता हसली.

फोन ठेवून उन्नती बाहेर आली. केसरीनाथ पायरीवरच बसले होते. तिने सांगितलं तसं त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि मोठ्याने हाक मारली, "हितेश, नाक्यावरनं भजी आन रं. सगल्यांना आन, हमालांनाबी."

उन्नती त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली. तिला आता कडकडून भूक लागली होती.