पाया महत्त्वाचा

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि घरातल्या धाकटीचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. त्याआधी ती हजेरीलासुद्धा "हजर" इतकं हळू पुटपुटायची, की बाईंनी दोनदा गैरहजेरी लावली होती. आता दूध का नासलं यावरही ती मुद्देसूद बोलायची आणि शेवटी किंचित मान झुकवायची. स्पर्धेत स्पर्धक तिघेच होते, पण हा तपशील ती सहसा गाळायची. घरच्यांनी तिचं नाव ‘माइक’ ठेवलं. तिला ते कौतुक वाटलं. यावरून तिच्या आकलनशक्तीची कल्पना यावी.

माइक आणि ताई एकाच खोलीत झोपायच्या. ताईची नर्सिंगची परीक्षा जवळ आली होती आणि ती शरीरातली हाडं मोठ्याने पाठ करायची, जागेपणी आणि झोपेतही. माइकला रोज आपल्या पायांची हाडं कुणीतरी मोजून घेतंय अशी स्वप्नं पडायची. ताईचं म्हणणं, माइक झोपेत टाळ्यांसाठी थांबते. दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: एकीने इथून जायला हवं.

जायला जागाही होती. घराच्या मागे एक रिकामी खोली होती, तिचं दार मागच्या अंगणात उघडायचं. म्हणजे उघडायला हवं होतं. अंगणापलीकडचा उतार दर पावसात थोडा थोडा घसरत दारापाशी येऊन बसला होता. आता दार वीतभर किलकिलं व्हायचं. त्यातून मांजर आत जायचं, माणूस नाही. त्या खोलीवर बाबांचाही डोळा होता. बाबा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे आणि पुढच्या व्हरांड्यात पोटं उघडी पडलेली इतकी मशिनं उभी असत, की पाहुण्यांना तिरकं होऊन आत यावं लागे.

एका दुपारी जेवताना माइक उठून उभी राहिली.

"आदरणीय आई-बाबा..."

"खाली बस, कोपर ताटात जातंय," आई म्हणाली.

"त्या उताराला मी ठोकळ्यांची भिंत बांधते. शेजाऱ्यांनी कुंपण पाडलं तेव्हाचे सिमेंटचे ठोकळे कोपऱ्यात पडलेतच. माती थांबेल, दार उघडेल आणि खोली माझी!"

बाबांनी घास गिळला. "आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्या मशिनांची."

"शाळा उघडायच्या आत?"

"शब्द देते!"

"शब्दांचा हिच्याकडे तोटा नाही," आई म्हणाली. आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. कुणी भलता वेग घेतला की तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. तो आत्ता टेबलाखाली जमिनीवर घट्ट दाबला गेलेला होता.

त्याच संध्याकाळी माइकने गवतावरच चार ठोकळे मांडले, कमरेवर हात ठेवून फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. सकाळी ते ठोकळे आळस दिल्यासारखे पुढे कलले होते. मग तिने भिंती कशा बांधतात याचे व्हिडिओ पाहिले आणि तिला साक्षात्कार झाला: पाया! जमिनीत चर खणायचा, तळ ठोकून घट्ट करायचा, त्यावर खडी पसरून तीही ठोकायची आणि पहिला थर अर्धा जमिनीत गाडायचा. पहिला थर एका पातळीत बसला की वरचे आपोआप बसतात. तो चुकला की सगळं चुकलं.

इतकी मोठी गोष्ट एकटीने पोटात ठेवणं माइकला शक्य नव्हतं. "पाया महत्त्वाचा!" हे तिने दूध टाकणाऱ्याला सांगितलं, पत्रं आणणाऱ्या बाईंना सांगितलं, आणि आईच्या गाडीत पहिल्यांदाच बसलेल्या, आधीच घामाघूम झालेल्या एका काकांना खिडकीतून वाकून सांगितलं. काका घाबरून दोन्ही पाय एकदम दाबून बसले.

बोलण्याच्या मानाने तिने कामही केलं, हे मात्र खरं. चर खणताना तळहातांना फोड आले. मूठ लावलेल्या जड धुम्मसाने तळ ठोकताना दात खुळखुळले. दारापुढची माती उपसून तिने भिंतीमागे भरायला उतारावर नेऊन ठेवली. मग चराची पातळी काढायची वेळ आली. बाबांनी पारदर्शक नळी दिली. "पाणी भर, दोन टोकं दोन खुंट्यांना लावा. पाणी दोन्हीकडे सारख्याच पातळीला थांबतं. तिथे खूण करायची, खुणांना दोरी बांधायची. एवढं साधं आहे."

"हे मी शाळेत शिकलेय, बाबा," माइक म्हणाली. खरंच शिकली होती. मार्कही पूर्ण होते.

दाराकडच्या खुंटीपाशी ताई एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात हाडांचं पुस्तक घेऊन उभी राहिली. लांबच्या टोकाला माइक. पाणी सांडू नये म्हणून माइकने आपल्या टोकावर अंगठा गच्च दाबून धरला होता.

"खूण केलीस?"

"केली. मी जाऊ?"

"जा. आणि ताई, लक्षात ठेव..."

"पाया महत्त्वाचा. माहितीये. अख्ख्या गल्लीला माहितीये."

भिंत उभी राहिली आणि दिसायला झकास दिसली. सांध्यावर सांधा येऊ दिला नव्हता, प्रत्येक थर मातीकडे जरासा मागे घेतला होता, ठोकळ्यांमागे पाणी झिरपायला खडी भरली होती. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. धूळ धुवायला पाणी मारलं की सगळं पाणी भिंतीच्या कडेने पळत पळत दाराकडे जायचं. माइकने आधी ठोकळ्यांना दोष दिला. मग दाराच्या पायरीला. मग पृथ्वी गोल आहे, हे तिने ताईला सुनावलं.

"आपल्या अंगणापुरती नाही गं," ताई म्हणाली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळे मागे जमले. बाबांनी भिंतीवर बुक्की मारली, खांदा लावून ढकलून पाहिलं. "मानलं." त्यांनी दार ओढलं. ते करकरत पुरतं उघडलं आणि आतून मांजर चिडून बाहेर आलं. बाबांनी खिशातून किल्ली काढली.

इथे कुठलीही शहाणी मुलगी किल्ली घेऊन गप्प बसली असती. माइकला मात्र पातळी कशी काढली हे दाखवायचं होतं. तिने नळी आणली, पाणी भरलं, एक टोक ताईला तिच्या जुन्या खुंटीपाशी दिलं, दुसरं आपल्या खुणेपाशी धरून त्यावर अंगठा ठेवला आणि सुरुवात केली, "तर निसर्गाचा नियम असा, की पाणी..."

"हलत नाहीये," आई म्हणाली.

"काय?"

"पाणी. मी मघापासून बघतेय. ताईने टोक खाली घेतलं तरी हलत नाहीये. अंगठा काढ ना, श्वास कोंडलाय त्याचा!"

माइकने अंगठा काढला. पाणी सर्रकन घसरलं, वरखाली झालं आणि थांबलं. ताईच्या टोकाला ते तिच्या जुन्या खुणेच्या बरंच वर थांबलं. म्हणजे दाराकडचा पाया अख्खा चार बोटं खाली होता. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर मिळवणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच पुढचं वाक्य आठवेना.

"चालेल की," बाबा म्हणाले. "उभी आहे ना?"

"कुणाला कळतंय," आई म्हणाली.

"मला तर अजिबात नाही कळत. सामान कधी हलवतेस?" ताई म्हणाली.

माइकने किल्लीकडे पाहिलं. मग भिंतीच्या सखल टोकाकडे पाहिलं. पावसाचं सगळं पाणी तिथेच साठणार, मागची माती भिजून फुगणार, ठोकळे ढकलणार, आणि भिंत पडलीच तर नेमकी या दारात पडणार. आत ती. आणि बाहेर दूध टाकणारा, पत्रवाल्या बाई आणि ते घामाघूम काका, सगळे एका सुरात "पाया महत्त्वाचा" म्हणत असणार.

"नाही चालणार," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की बाईंनी पुन्हा गैरहजेरी लावली असती. "मी उतरवते. सगळी."

"उद्या शाळा उघडते," बाबांनी आठवण करून दिली. "शब्द शब्द असतो, माइकबाई. उद्या मशिनं आत."

"असू दे," ती म्हणाली आणि पहिला ठोकळा उचलताना रडली. घामही आलेला असल्यामुळे ते फारसं कळलं नाही.

अंधार पडेपर्यंत तिने भिंत उतरवली, खडी बाजूला केली, मागची माती ओढून काढली. ती माती तिने जवळात जवळ मोकळी जागा दिसली तिथे टाकली.

सकाळी माइक गणवेशात उभी असताना बाबा ढकलगाडीवर मशीन लादून मागे आले. त्यांनी दार ओढलं. दार वीतभर किलकिलं झालं आणि अडलं. दारापुढे कमरेएवढा मातीचा ढीग होता.

बाबांनी ढिगाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ही माती हलव."

"कुठे हलवू?"

"भिंतीमागे."

"भिंत कुठेय?"

बाबांनी ढकलगाडी खाली टेकवली. खिडकीतून ताई इतक्या जोरात हसली, की हाडांचं पुस्तक खाली पडलं. "बाबा, मशिनं आत न्यायला दार हवं, दाराला भिंत हवी, आणि भिंत हिच्याकडे! नवीन बोली करा आता."

ही आपली युक्ती होती, असं माइक पुढे वर्गात सांगत असे. खरं तर तिला दुसरीकडे माती टाकायचं सुचलंच नव्हतं.

"बरं," बाबा शेवटी म्हणाले. "भिंत पुरी झाली की खोली तुझी. पण नळी मी धरणार."

"तुम्ही ताईचं टोक धरा. माझं मी धरते."

त्या संध्याकाळी दोघं चराच्या दोन टोकांना उभे राहिले. आईने मधून ओरडून विचारलं, "अंगठा?"

माइकने नळी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि मोकळा अंगठा सगळ्यांना दिसेल असा वर केला. पाणी थोडं तिच्या बुटावर सांडलं, मग हललं, मग शांत झालं. तिने खूण केली. नेहमीचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, पण ते तिने गिळलं आणि धुम्मस उचललं.