फुली मारलेली अंडी

"आण्णा, हे ठोकं कोण शिकवतं ह्याला?" अंड्यावर धरलेल्या भिंगावरून डोळा न काढता क्रांतीनं वडिलांना विचारलं.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिपाई म्हणून अठ्ठावीस वर्षं गणपतरावांनी कोंबडीची अंडी उबवली होती. आडवी ठेवायची, वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारायची, मग हलवायची नाहीत. तिसऱ्या दिवशी कवचाला खिडकी पाडली की आत पिल्लाच्या काळजाचा लाल ठिपका उडताना दिसतो. का उडतो, हे ह्या भल्या माणसानं कधी विचारलं नव्हतं.

विचारलं ते परवा. क्रांतीची लेक काळजाला भोक घेऊन जन्मली होती. ऑपरेशन झालं, पोर वाचली, पण क्रांती विळीला शिवेना. पोटुशी असताना ग्रहणात तिनं भाजी चिरली होती. आणि 'कशाला चिरलीस?' असं सासू नव्हे, खुद्द गणपतराव बोलून गेले होते. तो शब्द मागं कसा घ्यावा हे कळेना, म्हणून ते विभागात शिकवणाऱ्या स्नेहल मॅडमपुढं उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, घेऊन या तिला.

"कुणी शिकवत नाही गं," आता मॅडम सांगत होत्या. "पेशीच एकमेकींना निरोप देतात. खालचा थर वरच्याला सांगतो, तुम्ही हृदय व्हा. मग दोन्ही बाजूंच्या पेशी सरकत मध्ये येतात, त्यांची नळी होते. पुढं तिच्यात पडदे तयार होतात. माणसातही असंच. कुठं निरोप चुकला, की पडद्यात भोक राहतं."

"माझ्यामुळं चुकला न्हवं?"

"ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"पाचव्या."

"पडदे दुसरा महिना संपेपर्यंत झालेले असतात. तू भाजी चिरलीस, तेव्हा ते भोक आधीच होतं."

क्रांतीनं बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. मग पदर तोंडाला लावून रडली.

"माझंच चुकलं, पोरी," गणपतराव म्हणाले. "इतकी वर्सं हितं ऱ्हाऊन आडाणीच की मी."

"आसू दे, आण्णा."

"मॅडम, लई उपकार झालं तुमचं."

"माझे कसले? मी हे शिकले ते तुम्हीच फुली मारलेल्या अंड्यांवर."

गणपतरावांनी उगाच अंडी उबवायच्या पेटीची काच पुसली.

संध्याकाळी घरी क्रांतीनं आईकडं विळी मागितली आणि भेंडी चिरायला बसली. गणपतराव नातीला मांडीवर घेऊन समोर बसले होते. झबल्याच्या गळ्यातून टाक्यांची रेघ दिसत होती. तिच्यावर त्यांनी अलगद तळहात ठेवला, आणि पायाला मुंग्या आल्या तरी मांडी हलवली नाही.