भर उन्हातले दिवे

"रांगेत एसी बंद ठेवायला लावायचे, हे बोलायचं नाय," मसूदा म्हणाली आणि तिने शर्टाच्या कॉलरवर इस्त्री अशी दाबली की एसीचा विषय तिथंच संपला.

"पण लावायचे," हुसेन म्हणाला.

"लावायचे तर लावायचे. आता लावत नायत ना? मग?"

बहरीनमधल्या अरादच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून आठवणींची तालीम चालली होती. हुसेनने उमेदीची सगळी वर्षं हॅल्डेन अँड पाइक या ब्रिटिश कंपनीच्या डेपोत लॉरी चालवली होती. पुढे साहेब लोक गेले, मालक बदलले; नाव मात्र ब्रिटिशच राहिलं, कारण नाव बदललं की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. आता डेपोला पन्नास वर्षं होत होती आणि कंपनीला अचानक जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणी हव्या झाल्या होत्या. जुन्या ड्रायव्हरांना त्या हव्या आहेत का, हे कोणी विचारलं नव्हतं.

उद्या कॅमेऱ्यासमोर बोलायचं होतं. आणि त्याच कंपनीत, डिस्पॅचला, हुसेनचा मुलगा फराज होता. फराजचं काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. त्याच्या व्हिसावर त्याची बायको आतिका, लेक लाईबा आणि हे दोघं म्हातारे. एवढं सगळं कुटुंब उद्या दुपारी हुसेनच्या जिभेवर बसून डेपोत जाणार होतं.

हुसेनला भीती वाटत होती. साधीसुधी नव्हे, डेपोतली जुनी, डिझेल आणि फिनेलचा वास असलेली. पेन्शनीत निघाल्यावर ती गेली असं त्याला वाटलं होतं. ती नुसतीच पार्क केलेली होती.

सोफ्यावर यादवराव बसले होते. डेपोच्या वर्कशॉपमधले जुने फिटर, मूळचे महाडकडचे, आता सनाबिसला लेकीकडे राहणारे. तालमीसाठी मुद्दाम आले होते. लाईबाचा केस विंचरायचा ब्रश माइकसारखा पुढे धरून ते म्हणाले, "तर हुसेनभाई, डेपोची एखादी गोड आठवण सांगा."

"चहा."

"वा! गोड असायचा?"

"नाय. साखर आपली आपण न्यायला लागायची."

"खलास," मसूदा म्हणाली. "साखर पण नको."

"वहिनी, असं करत गेलात तर माणूस उद्या नुसता सलाम करून परत येईल."

"येऊ दे. सलामाने कोणाची नोकरी जात नाय."

डेपो खरोखरच ब्रिटिश होता. पाइकसाहेबांनी तो इंग्लंडातल्या डेपोबरहुकूम उभा केला होता. कामाची चिठ्ठी घ्यायची खिडकी छातीच्या खाली, म्हणजे ड्रायव्हरला आपोआप वाकावं लागे. कँटीनच्या दारावर बर्फात लॉरी कशी चालवावी याची सचित्र सूचना होती, आणि दर वर्षी नव्या ड्रायव्हरांना ती वाचून दाखवली जाई. बहरीनमध्ये बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत असतो. पण पाइकसाहेबांच्या डेपोतली एकही गाडी बर्फात घसरली नाही, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केलं असतं.

आणि चाव्यांचा फळा. प्रत्येक ड्रायव्हरचा एक हूक. सकाळी यायचं, हुकावर चावी असली की घ्यायची आणि कामाला लागायचं. नसली, तर कोणी काही बोलत नसे. ओरडणं नाही, मेमो नाही. ऑफिसात जाऊन पासपोर्ट घ्यायचा आणि गावची वाट धरायची. हुसेन अजूनही पहाटे उठून फ्लॅटच्या दारामागच्या खिळ्यावर चावी आहे ना, हे हात लावून बघत असे. फ्लॅट फराजच्या नावावर होता; त्याला तिथून काढणारं कोणी नव्हतं. पण हाताला कोण समजावणार?

"आता पाचवा प्रश्न," यादवराव मोबाइल लांब धरत म्हणाले. प्रश्न कंपनीने फराजकडे आधीच पाठवले होते. "'पाइकसाहेबांनी सुरू केलेल्या प्रसिद्ध लाईट चेकबद्दल सांगा.'"

मसूदाने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"साहेबांनी सुरू केली," ती म्हणाली. "सेफ्टीसाठी. एवढंच बोलायचं. नजीबचं नाव काढायचं नाय."

नजीब तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

ऑगस्टातली गोष्ट. डेपोच्या गेटपाशी लॉऱ्यांची रांग. रांगेत इंजिन बंद ठेवायचं आणि ड्रायव्हरने केबिन सोडायची नाही, असा नियम होता. तो इंग्लंडहूनच आलेला. तिथल्या डेपोशेजारी घरं होती, लोकांना धुराचा त्रास व्हायचा. इथल्या डेपोशेजारी वाळू होती, आणि वाळूने कधी तक्रार केली नव्हती. पण इंजिन बंद म्हणजे एसी बंद. बाकीचे ड्रायव्हर साहेबाची पाठ फिरली की किल्ली हळूच फिरवत, नाहीतर दार उघडून पाय बाहेर सोडत. नजीब नवा होता, दाभोळहून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मेहुण्याने, म्हणजे हुसेनने, त्याला फळ्यावरच्या हुकाची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. त्याने इंजिन चालू केलं नाही. तो खालीही उतरला नाही. गेट उघडलं, रांग सरकली, नजीबची लॉरी सरकली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. बराच वेळ वाजवले. शेवटी वर्कशॉपमधून यादवराव आले आणि त्यांनी केबिनचं दार उघडलं.

नजीबला मुहर्रकच्या कबरस्तानात दफन केलं. कागदावर हार्ट लिहिलं गेलं. हार्ट प्रत्येकाला असतंच, तेव्हा खोटं कोणाला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी त्या जागेवरून जाताना कोणीतरी हॉर्न वाजवला. एकदाच, छोटा. मागच्याने वाजवला. मग सगळेच वाजवू लागले. पाइकसाहेबांनी 'हॉर्न वाजवू नये' अशी पाटी लावली. तेव्हा ड्रायव्हरांनी भर उन्हात हेडलाईट एकदा लावून विझवायला सुरुवात केली. दिव्यांविरुद्ध नियम नव्हता. उलट साहेब खूश झाले, कारण त्यांच्या पुस्तकात धुक्यासाठी असंच काहीतरी होतं. पुढे पेशावरचे आले, केरळचे आले, नेपाळचे आले. दुसऱ्याच्या दाराशी चपला काढलेल्या दिसल्या की आपणही काढतो, तसे तेही दिवे लावून विझवू लागले. नजीब कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि आता ती पाइक लाईट चेक झाली होती.

"हुसेनभाई," यादवरावांनी ब्रश खाली ठेवला. ते आता मुलाखत घेत नव्हते. "वहिनी म्हणतात तसंच करा. मेलेल्याला व्हिसा लागत नाही. जित्यांना लागतो."

मसूदाने शर्ट हँगरला लावला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी डेपोत हुसेनला दारच सापडेना. वाकायच्या खिडकीच्या जागी काचेचा दरवाजा आला होता आणि तो आपोआप उघडत होता. तरी हुसेन सवयीने वाकलाच. फराजने दंडाला धरून हळूच सरळ केलं. "अब्बा, प्लीज. रिलॅक्स."

रिलॅक्स म्हणताना फराजचा स्वतःचा आवाज चिरकला.

मुलाखत घेणारी मुलगी मृणाली पुण्याची निघाली. "काका, आपण मराठीतच बोलू, मी खाली इंग्लिश सबटायटल्स टाकेन. अगदी गप्पा मारल्यासारखं बोला हं." तिने हुसेनच्या कॉलरला माइक लावला. एवढ्या जवळून छातीचे ठोकेही त्यात जाणार, आणि मग त्यांचंही इंग्रजी होणार, असं हुसेनला वाटलं.

तेवढ्यात नवे जनरल मॅनेजर आत आले. इंग्रज, तरुण, फारच सभ्य. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. हुसेनला घाम फुटला. या ऑफिसात त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. खुर्ची देतात ती वाईट बातमीच्या वेळी, एवढंच त्याला माहीत होतं. तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, जणू मागची जागा दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवली आहे.

पहिले चार प्रश्न पार पडले. चहा छान होता. साहेब छान होते. बर्फाची सूचना फार उपयोगी होती. जनरल मॅनेजर हसून मान डोलावत होते. फराज कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"आणि काका, लाईट चेक! ती पाइकसाहेबांनीच सुरू केली ना?"

'हो' हा शब्द हुसेनच्या ओठांवर येऊन उभा राहिला. एवढासा शब्द. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. समोरच्या काचेतून गेट दिसत होतं. कोणीतरी कोवळा पोरगेला ड्रायव्हर लॉरी आत घेत होता. त्याने उन्हात दिवे लावले, विझवले, आणि एका हाताने नाक खाजवत तो पुढे गेला.

"नजीबने," हुसेन म्हणाला.

फराजने मान वर केली.

"कोण नजीब?" मृणालीने विचारलं.

आता मागे फिरायला जागा नव्हती. हुसेनने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. "ड्रायव्हर होता. आमच्या दाभोळचा. त्याच्यापासून सुरू झालं."

जनरल मॅनेजरांनी काहीतरी विचारलं. मृणालीने मराठीत सांगितलं, "सर विचारतायत, ते सेफ्टीच्या बाबतीत फार काटेकोर होते का?"

"जी. नियम कधी मोडला नाय त्याने," हुसेन म्हणाला. "इंजिन बंद म्हटलं की बंद."

"अमेझिंग! आणि आता कुठे असतात ते?"

"हितंच."

"बहरीनमध्येच?"

"जी. मुहर्रकला."

"म्हणजे रिटायर झाल्यावर गावी गेलेच नाहीत?"

"नाय. गेला नाय."

जनरल मॅनेजरांचा चेहरा उजळला. त्यांना कार्यक्रमाला बोलवावं, सत्कार करावा, असं ते म्हणाले. मृणालीने ते सांगितलं तेव्हा हुसेनला वाटलं, आता आपण या खुर्चीतच संपणार आणि लोक मागून हॉर्न वाजवणार.

"तो आता बाहेर पडत नाय," तो म्हणाला.

"ओह. तब्येत?"

"हार्ट," हुसेन म्हणाला.

जनरल मॅनेजरांनी सहानुभूतीने मान हलवली आणि जाताना हुसेनचा हात दोन्ही हातांत धरला. हुसेनचा हात ओला होता. साहेबांनी तो सभ्यपणे, दाराबाहेर गेल्यावर, पँटला पुसला.

घरी जाताना गाडी फराज चालवत होता. मामू हार्टने गेला, एवढंच तो लहानपणापासून ऐकत आला होता. पुलावर आल्यावर त्याने विचारलं, "अब्बा. मामू गेटवर गेला?"

"रांगेत."

"तुम्ही कुठे होतात?"

"मागे. चार गाड्या सोडून."

फराजने स्टिअरिंग घट्ट धरलं. "कोणी जुनी फाइल काढली तर? सरांना कळलं तर?"

"कळलं तर काय करणार ते?"

"अब्बा, मला काय माहीत!" फराज जवळजवळ ओरडला. मग हळू म्हणाला, "अम्मीला सांगू नका."

"मी? मी कशाला सांगतो? यल्ला, चल, सिग्नल सुटला."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फराजचा फोन वाजला की बाप-लेक एकमेकांकडे बघत. मसूदा विचारी, "काय बोललात तिथं?" हुसेन म्हणे, "चहा." यादवरावांचे फोन त्याने उचललेच नाहीत. एका रात्रीत माणसाला काढणारा तो फळा आता डेपोत नव्हता. पण त्या जागी काय आलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आणि मग एका सकाळी काँट्रॅक्ट रिन्यू झालं. काही न विचारता, काही न बोलता. फराजने फोनवर सांगितलं तेव्हा हुसेन बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

शुक्रवारी, नमाज आणि जेवण उरकल्यावर, कंपनीचा व्हिडिओ आला. फराजला तो एकट्याने बघायचा होता. पण आतिकाने तोवर टीव्हीला जोडलाही होता. हुसेन पडद्यावर खुर्चीच्या कडेला बसलेला दिसला. लाईबा टाळ्या वाजवून आजोबांना म्हणाली, "दादा, यू लुक सो स्केअर्ड!"

मग संगीत बदललं. भर उन्हात दिवे लावणाऱ्या लॉऱ्या एकामागून एक. आणि पडद्यावर एक माणूस आला. नजीबचा फोटो कोणाकडेच नसल्यामुळे कंपनीने तो कॉम्प्युटरकडून बनवून घेतला होता. पांढरं हेल्मेट, कातरलेली दाढी, निवांत हसू. खाली मोठ्या अक्षरांत नजीबचं नाव, आणि त्याखाली: आमच्या लाईट चेकचा जनक.

हुसेनने मसूदाकडे बघितलं नाही. आजवर तो पाइकसाहेबांना भ्याला होता, फळ्याला भ्याला होता, जनरल मॅनेजरांच्या खुर्चीला भ्याला होता. ते सगळं या क्षणापुढे सराव वाटत होतं.

व्हिडिओ संपला. आतिका काही बोलणार होती, पण फराजने तिला खुणेनेच थांबवलं.

"परत लाव," मसूदा म्हणाली.

फराजने परत लावला.

"हितं थांबव."

पडद्यावरचा माणूस हसत थांबला. मसूदा उठली. तिने ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. लाईबाने विचारलं, "दादी, हू इज ही?"

मसूदाने हेल्मेटच्या कडेशी, गालापासून थोडं बाहेर, काचेवर बोट ठेवलं.

"कान मोठे होते त्याचे," ती म्हणाली.