मुदतीआधीचे रोडगे

नवस पाच वर्षांचा होता आणि देवरावांनी रोडगे घातले दुसऱ्याच वर्षी. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

नवस बोलली होती त्यांची बायको सुभद्रा. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ काढली आहे, पण पाच वर्षं तपासण्या चुकवायच्या नाहीत; पाच वर्षं धड गेली, की मग म्हणू बरे झालात. सुभद्रेने दवाखान्याच्या पायरीवर बसूनच नांदगाव खंडेश्वरकडच्या आपल्या गावच्या मारुतीला हात जोडले. पाच वर्षं धड जाऊ दे, गावाला रोडगे घालीन. वऱ्हाडात देवाशी बोलणं असंच रोखठोक असतं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, फोडून त्यावर तूप सोडायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. गाव पोटभर जेवलं की नवस फिटला.

आता देवरावांचा स्वभाव सांगायला हवा. अमरावतीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बसमध्ये पाठ न टेकवता बसणारा. अशा माणसाला आजार झाला तो नेमका चारचौघांत नाव घेता येऊ नये अशा जागी, आणि वर ऑपरेशननंतर काही महिने पोटाला शौचाची पिशवी. त्यांनी अमरावतीत सगळ्यांना मूळव्याध सांगितली. उपचारांना अकोला गाठलं, का तर लेक प्रणाली तिथे राहते म्हणून. खरं तर अमरावतीतल्या दवाखान्यात कुणी ओळखीचा भेटू नये म्हणून. पण अशा गोष्टी झाकून राहतात थोड्याच? गावाला कळलंच. पुढे एका लग्नात चुलतभाऊ पुंजाजी भर मांडवात म्हणाला, "देवराव, तुमी पंगतीत बसू नका. तुमाले घरात निवांत ताट लावतो." बिचारा मायेनेच बोलला. देवरावांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. घरी परतताना त्यांनी ठरवून टाकलं, रोडगे घालायचे. लोकांची तोंडं एकदाची बंद करायची.

"अवो, पाच म्हनले होते मी," सुभद्रा म्हणाली.

"देवाले काय क्यालेंडर पाहता येते?"

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि कणीक चाळायला बसली.

रोडगे झाले झोकात. देवरावांनी माइक हातात घेतला आणि सांगितलं, की मी आज तुमच्यासमोर ठणठणीत उभा आहे, पूर्ण बरा झालो, नवस फिटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंजाजीने तर गळ्यात हार घातला. सुभद्रा दिवसभर पदर खोचून पंगती वाढत होती. भाजीच्या गंजातून पळीभर भाजी वाटीत घेऊन ती देवरावांकडे आली, "मीठ पाहा बरं." त्यांनी चाखली आणि मान हलवली. ती स्वतः कधी जेवली, काय जेवली, हे काही त्यांनी पाहिलं नाही. माइक हातात असला की माणसाला बायको दिसत नाही.

त्या पंगतीत अब्दुल सत्तारही होते, बायको आयशाबीला घेऊन आलेले. सत्तार म्हणजे अमरावतीच्या इतवारा बाजारातले गादी-रजईवाले. दुखणं तेच, डॉक्टर तेच, आणि केमोच्या वेळी खुर्चीला खुर्ची लागलेली. अमरावतीचे असून दोघांची ओळख झाली ती अकोल्यात, कारण तोंड लपवायला दोघांनीही एकच गाव निवडलं होतं. सत्तार म्हणायचे, "भाऊ, ह्या पिशवीची गोठ दुनियेत दोघालेच समजते, मले न तुमाले." देवराव आयुष्यात पिशवीवरून कुणाजवळ हसले असतील तर ते फक्त सत्तारजवळ. एकदा तर इतके हसले, की नर्स धावत आली.

यंदा, ऑपरेशनच्या चौथ्या वर्षी, दिवाळीनंतर दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. सुभद्रा सोबत यायचं म्हणत होती. "नेहमीचंच हाय, तू कायले हेलपाटा घेतं," म्हणून देवरावांनी तिला थांबवलं.

डॉक्टरांनी कागद पाहिले, मग संगणकावर बराच वेळ काहीतरी पाहिलं. रक्तातला कॅन्सरचा आकडा किंचित वर गेला होता. लिव्हरवर एक बारीक ठिपका दिसत होता.

"म्हणजे परत आलं का?" देवरावांनी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही."

"म्हणजे नाही आलं?"

"तसंही म्हणता येत नाही. ठिपका फार लहान आहे. साधी गाठही असू शकेल. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, मग ठरवू."

कचेरीत असताना 'पुढल्या महिन्यात या' हे वाक्य देवरावांनी किती जणांच्या तोंडावर टाकलं असेल, त्याची गणती नाही. समोरचा माणूस ते ऐकून तसाच का उभा राहतो, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्याच्याने खुर्चीतून उठवेना.

आणि सांगायला लाज वाटते, पण अशा वेळी माणसाला आधी मरण आठवावं, बायको आठवावी, लेक आठवावी. देवरावांना आठवला तो माइक. गळ्यातला हार आठवला, पुंजाजी आठवला. गावभर बरा झालो म्हणून सांगितलं, तुपाचे रोडगे खाऊ घातले, आता कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्यांनी ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या साऱ्यांना आपण फसवलं, असं त्यांना वाटू लागलं. कुणाच्या घरी चोरी करून बाहेर पडावं तसे ते डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले.

बाकावर सत्तार बसले होते. त्यांचा नंबर आधीच होऊन गेला होता, ते देवरावांसाठी थांबले होते.

"भाऊ, माह्या लिव्हरवर ठिपका सांगतला," सत्तार म्हणाले. "काय हाय ते त्यायलेच समजत नाई. तीन महिन्यानं या म्हने. तुमचं?"

इथे देवरावांनी तोंड उघडलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती. समोर जगातला तो एकच माणूस होता, ज्याला न लाजता सांगता आलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती सवय हाडात मुरलेली.

"माहं काई नाई. सगळं नील हाय."

सत्तारांचा चेहरा खरोखर उजळला. त्यांनी देवरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "अल्ला का शुक्र हाय. दोघातला एक तर सुटला." मग त्यांनी हात सोडला आणि चपला शोधायला खाली वाकले. चपला पायातच होत्या.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. एरवी सत्तार बडनेरा येईपर्यंत तोंड मिटायचे नाहीत; कापसाचा भाव, पोरांच्या तक्रारी, काहीही चालायचं. त्या दिवशी मूर्तिजापूर मागे पडलं तरी ते गप्पच होते. फक्त एकदा म्हणाले, "तुमी रोडगे घातले होते ना भाऊ, तेच फळलं." देवराव खिडकीतून तुरीची शेतं पाहत राहिले. आपण या माणसाला भर पुरात एकटं सोडून काठावर चढलो, आणि काठ तरी कुठे होता, हे त्यांना कळत होतं. लाजेने कान तापले होते. तरी जीभ उचलली नाही.

घरी सुभद्रेने दारातच विचारलं, "कसं सांगतलं?"

"नील."

तिने देवाजवळ दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागली.

त्यानंतरचे दिवस देवरावांनी चोरासारखे काढले. सत्तारांचा फोन आला, की वाजू द्यायचे. प्रणालीशी बोलताना आवाज चढवायचे, म्हणजे ठणठणीत वाटावं. सुभद्रा भाजी टाकली की पळी घेऊन यायची, "मीठ पाहा बरं." हे तिचं अलीकडे नेहमीचंच झालं होतं. देवराव चिडवायचे, "जीभ म्हातारी झाली तुही." ती हसायची. आता तेही चिडवेनासे झाले; नुसते "बरोबर हाय" म्हणून मोकळे व्हायचे.

एका रविवारी दुपारी सत्तार आणि आयशाबी दारात उभे. देवराव उठून आतल्या खोलीकडे वळले. सुभद्रेने मात्र त्यांना हाताला धरून आत घेतलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. ज्वारीच्या भाकरी होत्या, वांग्याची भाजी होती. ताटं मांडली, चौघंही बसले. सुभद्रेच्या ताटात भाकर, कांदा आणि मिरचीचा ठेचा.

आयशाबीने घास मोडला आणि तसाच ठेवला. "भाबी, मी तुमच्याजोळ काई मागाले आली."

"बोला ना."

"यायच्या लिव्हरवर ठिपका निंगाला. हे रातभर जागे रायते. मले म्हनते, देवरावभाऊचं नील आलं, माहंच नशीब फुटकं. आता पुढच्या तपासनीले जातच नाई म्हनते." तिने डोळे पुसले. "तुमचा नवस फळला भाबी. आमीबी रोडगे खाल्ले होते त्या दिवशी. तुमच्या मारुतीले यायच्या नावानं बोला ना. तुमचं ऐकते तो."

"बोलतो ना, कावून नाई," सुभद्रा लगेच म्हणाली.

सत्तार खाली मान घालून भाकरीचा तुकडा चुरत होते. गाद्या शिवून शिवून घट्टे पडलेली त्यांची बोटं तोच तुकडा पुन्हा पुन्हा दाबत होती. देवरावांना ते पाहवेना. अंगातला सगळा ताठा त्या बोटांपुढे गळून पडला.

"आयशाबी, तो नवस कामाचा नाई," ते म्हणाले. "माह्याबी लिव्हरवर ठिपका हाय. त्याच दिवशी सांगतलं डॉक्टरनं. तीन महिन्यानं या म्हने, जसं यायले म्हनलं तसंच. मी खोटं बोललो."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"मंग बसमधी तुमी..." सत्तार म्हणाले.

"हो."

"मले लय एकटं वाटलं भाऊ त्या दिवशी."

त्यांनी शिवी दिली असती तर देवरावांना सोसली असती. हे सोसेना. ते सुभद्रेकडे वळले, कारण आता उरलेलंही ओकून टाकायचं होतं. "चूक माहीच हाय. नवस पाचाचा होता, मी मुदतीआधी फेडला. लोकाइले दाखवाले फेडला. तुहा नवस बाटवला मी."

सुभद्रेने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही.

"नवस फिटलाच कुठी?" ती म्हणाली. "ते रोडगे तुमचे होते. तुमाले चार लोकात बोलाचं होतं, बोलले. माहा नवस पाचाचा हाय, तो अजून हाय तसाच हाय."

"पन भाबी..." आयशाबी तिच्या ताटाकडे पाहत होती. "मी मघापासून पाहून रायली. तुमी भाजी नाई घेतली. त्या दिवशी पंगतीतबी तुमी नुसतं वरन घेतलं होतं."

"नवस फिटेपर्यंत वांगं सोडलं हाय मी," सुभद्रा म्हणाली. "ऑपरेशनच्या दिवसापासून."

देवराव ताटाकडे पाहतच राहिले. वऱ्हाडातलं घर, आठवड्यातून तीनदा वांगं. तीच चिरायची, तीच फोडणी घालायची, आणि पळी घेऊन त्यांच्यापुढे यायची, मीठ पाहा बरं. न चाखता रांधलेली भाजी ते इतकी वर्षं तिच्यासमोर बसून खात आले होते, वर जीभ म्हातारी झाली म्हणून हसले होते. त्यांनी माइकवरून नवस फिटल्याचं सांगितलं, त्या दिवशीही ती नुसत्या वरणावर जेवली होती. जे परक्या बाईला दोन जेवणांत दिसलं, ते त्यांना कधीच दिसलं नव्हतं. माइक, हार, पुंजाजी, सगळ्यांची लाज एकीकडे आणि ही एकीकडे.

"मीबी सोडतो वांगं," ते कसेबसे म्हणाले.

"काई नका सोडू. एकानं सोडलं, पुरे झालं." तिने पदराने डोळे टिपले, मग सत्तारांकडे वळली. "तुमच्या नावानंबी बोलतो भाऊ, पन पाचाचाच. मंधात कोनी माइक नाई घ्याचा. न तीन महिन्यानं दोघायनं संग जायाचं. मी न आयशाबीबी येतो."

सत्तारांनी चुरलेली भाकर ताटात गोळा केली. मग म्हणाले, "खिडकीजोळ मी बसन. मांगच्या वेळी यायनंच घेतली होती."

आयशाबी रडता रडता हसली. सुभद्रेने सत्तारांना भाजी वाढली. मग देवरावांच्या ताटात वाढली आणि पळी तशीच हातात धरून थांबली.

"आता खरं सांगा. मीठ कसं हाय?"

देवरावांनी घास घेतला.

"कमी हाय," ते म्हणाले. मान काही त्यांना वर करता आली नाही.